रागाचा धडा शाळेत द्यावा काय?

मुलास वाचन, लेखन व गणित शिकविणे हे शाळेचे काम, याविषयी वाद नाही. परंतु राग कसा आवरावा, दुसऱ्याचे दुःख कसे ओळखावे, भांडणानंतर समेट कसा करावा, हेही शाळेने शिकवावे काय? पुष्कळ जण म्हणतात, हे काम आईबापांचे. आमच्या मते हे म्हणणे अर्धेच खरे आहे. घरी मूल आपल्याच माणसांत वाढते. परक्यांशी त्याची खरी गाठ शाळेत पडते. म्हणून परक्यांशी कसे वागावे, हे शिकण्याची जागाही तीच होय.

दिल्ली सरकारने सन २०१८ च्या जुलै महिन्यात आपल्या शाळांत बालवर्गापासून आठव्या इयत्तेपर्यंत 'हॅपिनेस' नावाचा पाठ्यक्रम सुरू केला. थोडा वेळ स्वस्थ बसावे, गोष्ट ऐकावी, तिजवर बोलावे, असा त्याचा क्रम असून त्यास परीक्षा ठेविली नव्हती. हे योग्यच झाले. दयेस गुण मिळू लागले, तर मुले दया न शिकता दयेचे सोंग शिकतील.

तथापि येथे एक धोका आहे. समजा, एका मुलास त्याच्या जातीमुळे जेवणाच्या पंगतीत निराळे बसविले व तो संतापला. आता गुरुजींनी त्यास 'शांत हो' एवढेच सांगावे काय? असा धडा शांतीचा नव्हे, अन्यायाच्या सोयीचा होय. त्या मुलाचा राग खोटा नाही. पंगत खोटी आहे. प्रथम ती पंगत मोडावी, व ज्यांनी त्यास दूर बसविले त्यांस दुसऱ्याचे दुःख ओळखण्याचा धडा द्यावा. मग त्या मुलास शिकवावे की, हाती दगड न घेता सत्य कसे बोलावे. राग आवरणे निराळे, राग गिळणे निराळे.

शिवाय शिक्षकाची वागणूक हाच यातला मुख्य पाठ होय. सन २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलास मारण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. जो छडी उगारून क्षमा शिकवितो, त्याची क्षमा मुले विसरतात. छडी मात्र त्यांच्या ध्यानात राहते.

म्हणून वाचकहो, आपल्या गावच्या शाळेत असा पाठ सुरू झाल्यास त्यास हसू नका. मात्र तेथे जाऊन दोन गोष्टी अवश्य पाहा: गुरुजी स्वतः राग कसा आवरतात, आणि दुपारी मुले एका पंगतीस बसतात की नाही.