समदृष्टी आणि शुगर ग्लायडर

पेणच्या कारखान्यात गणपतीची मूर्ती गिऱ्हाईक म्हणेल त्या रंगात मिळते. पितांबर पिवळं की जांभळं हे गिऱ्हाईक ठरवतं आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही, कारण मातीला स्वतःचं हित नसतं. घरी प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मात्र तीच मूर्ती विकत घेतलेली वस्तू राहत नाही. दीड दिवसाने का होईना, उत्तरपूजा करून ती पाण्यात सोडावी लागते. प्राण आणि मालकी यांच्यात एवढं अंतर राखणाऱ्या परंपरेतल्या माणसाने जिवंत प्राण्याचा रंग मागणीबरहुकूम घडवून घ्यावा का? प्रश्न पुस्तकी नाही. मुंबई-पुण्याकडे हौसेने पाळल्या जाणाऱ्या शुगर ग्लायडरमध्ये करड्याला एक भाव असतो, पांढऱ्याला दुसरा.

हा ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, शंभर-दीडशे ग्रॅम वजनाचा निशाचर. पुढच्या-मागच्या पायांमधल्या कातडीच्या पडद्यावर तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. दिसायला आपल्या सह्याद्रीतल्या उडणाऱ्या खारीसारखा, पण पिल्लू पोटाच्या पिशवीत वाढवणारा, म्हणजे नात्याने कांगारूकडचा. मूळ रंग करडा, पाठीवर काळा पट्टा; रात्री खोडावर घुबडाच्या नजरेतून सुटायला सोयीचा. रंगाचं हेच प्रयोजन रोह्याच्या माणसाला जवळ पाहायला मिळतं. रोहा-मुरुडच्या डोंगरातलं फणसाड हे एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झालं. तिथल्या शेकरूची तांबूस पाठ आणि फिकट पोट आपल्याला देखणं वाटतं, पण ते आपल्यासाठी नाही. शेकरूचे रंग प्रदेशाप्रमाणे बदलतात, आणि ते बदल कुणी गिऱ्हाईक ठरवत नाही.

पिंजऱ्यातला पांढरा रंग वेगळ्या वाटेने येतो. काळ्या डोळ्यांचा पांढरा ग्लायडर, ज्याला ‘ल्युसिस्टिक’ म्हणतात, तो अप्रभावी जनुकामुळे होतो. आई आणि बाप दोघांकडून ते जनुक यावं लागतं. दोन्ही करडे वाहक असले तर सरासरी चारांत एक पिल्लू पांढरं. म्हणजे सरासरी एका पांढऱ्यामागे तीन करडी जन्माला घालायची, आणि एका वेताला पिल्लं एक किंवा दोनच. त्या करड्यांपैकी दोन-तृतीयांश वाहक असतात, पण कोणती हे नुसतं पाहून कळत नाही. म्हणून पैदासकार त्यांना ‘६६ टक्के हेट’, म्हणजे वाहक असण्याची तेवढी शक्यता असलेली, म्हणून विकतात. जिवाची ओळख म्हणजे त्याच्या पोटी कधीतरी पांढरं निपजेल ही शक्यता! दुर्मीळ रंग टिकवायचा तर जोड्या नात्यातच लावण्याचा मोह होतो, आणि नात्यातल्या संकराने लपलेले दोषही वर येतात. ‘मोझेक’ रंगाच्या काही वंशांत नर वांझ निघतात, हे पाळणाऱ्यांनाही ठाऊक आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा या सर्वांकडे एकाच दृष्टीने पाहतो. इथे तर एकाच आईच्या पिल्लांकडेही एका दृष्टीने पाहता येत नाही. माझा आक्षेप पिंजऱ्याइतकाच या नजरेला आहे.

यावर कुणी म्हणेल, खिलार बैलसुद्धा माणसानेच निवडून घडवला. खरं आहे, आणि बैलबाजारात त्याच्या पांढऱ्या रंगाचंही कौतुक होतं. पण तिथे रंगाआधी खांदा, खूर आणि चाल पाहतात. नुसत्या रंगावर बैल जुंपला जात नाही. शुगर ग्लायडरकडून काम कसलंच नाही, निवड उरते ती फक्त डोळ्यांच्या हौसेची. दुसरा आक्षेप कर्मवादी: ज्याचं त्याचं पूर्वसंचित, पिंजऱ्यातला जन्मही त्यातलाच. हा युक्तिवाद मला सर्वांत लबाड वाटतो. कर्मसिद्धांत भोगणाऱ्याचं ओझं सांगतो. करणाऱ्याला तो परवाना देत नाही, उलट त्याच्याच खात्यावर नवी नोंद करतो. कायद्याचा आधारही फारसा नाही. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने परदेशी प्राण्यांची नोंदणी आणली ती आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतल्या प्राण्यांपुरती, आणि हा प्राणी त्या यादीत नाही. निर्णय पाळणाऱ्याच्याच विवेकावर येतो.

उरतो प्रेमाचा मुद्दा, आणि तो टाकाऊ नाही. लोक या प्राण्यांना खिशात घेऊन फिरतात, रात्री जागून फळं भरवतात. पण प्रेम घरी आलेल्या एकावर असतं. त्याच्या रंगासाठी जन्मलेल्या बाकीच्यांपर्यंत ते पोचत नाही. म्हणून पाळणं आणि पैदास हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. जो घरात आलाच आहे त्याला सोबती हवा, कारण हा कळपात राहणारा प्राणी एकटा पडला की स्वतःलाच चावून जखमा करून घेतो. जाणत्या पशुवैद्याकडून नराचं खच्चीकरण करून घ्यावं, म्हणजे जोडी एकत्र राहील आणि पिल्लं होणार नाहीत. तो दहा-बारा वर्षं जगतो. तेवढी वर्षं त्याच्या रात्री सांभाळाव्यात, मग तो पांढरा असो की करडा.