ग्लासातला कांदा कोणाच्या जिवावर वाढतो?

पातीच्या कांद्याची जुडी चिरून झाल्यावर खालचे मुळांचे तुकडे आपण कचऱ्यात टाकतो. एका रीलमध्ये बघून मी ते ग्लासभर पाण्यात उभे केले. चौथ्या दिवशी त्यातून बोटभर हिरवी पात वर आली. मी फोटो काढला आणि स्टेटसला टाकला: 'फुकटची भाजी'.

पहिली पात कापली, ती झुणक्यात घातली. दुसरी आली, ती जरा बारीक होती. तिसरी तर दोऱ्यासारखी आली आणि खालचा पांढरा भाग दाबला की बोट आत जायला लागलं. मला वाटलं, पाणी बदलायला विसरले म्हणून झालं असेल. नागपूरच्या उन्हात खिडकीतलं पाणी एका दिवसात वास मारतं.

आई म्हणाली, "पाण्यानं नाही वाढून राहिलं गं ते. कांदा खाऊन वाढून राहिलं."

आईला विज्ञानात रस नाही, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले पदर. खाली चकतीएवढं खोड, त्याला मुळं, आणि पदरांत साठवलेली साखर. नवी पात उन्हातून थोडंफार अन्न बनवते, पण पाण्यात खत नाही, माती नाही. म्हणून ती मुख्यतः जुन्या साठ्यावर उभी राहते. गाजराचं तर अजून स्पष्ट आहे. त्याचा वरचा तुकडा पाण्यात ठेवला तर पाला येतो, गाजर कधीच येत नाही.

म्हणजे 'फुकट' काहीच नव्हतं. कोणीतरी आधीच भरलेलं बिल होतं, आणि ते मला दिसत नव्हतं.

हे कळल्यावर मला बाबा आठवले. बाबा हिंगण्याच्या एमआयडीसीत टर्नर होते. माझ्या इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी त्यांच्या पीएफमधून आणि एका मोडलेल्या एफडीतून गेली. आज मी मिहानमध्ये बसून कोड लिहिते. लोक म्हणतात, पोरगी स्वतःच्या हिमतीवर वर आली. मीही ते ऐकून घेते, दुरुस्त करत नाही.

आपल्याकडचं संत्रंही असंच आहे. 2014 साली 'नागपुरी संत्रा' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण आपल्या बागांतली बरीचशी झाडं मुळाशी संत्र्याची नसतातच. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. जमिनीतलं पाणी ओढायचं काम जंबेरी करते. पेटीवर तिचं नाव नसतं.

मग माझं देणं काय लागतं? पैशांचा हिशेब सोपा आहे. फी किती, व्याज किती, एका स्प्रेडशीटमध्ये मावेल. एक मित्र म्हणाला, "आईबापांचं कर्ज पुढच्या पिढीला फेडायचं असतं." ऐकायला छान आहे. पण त्यात एक सोय आहे: ज्यानं दिलं, त्याच्यासमोर बसावं लागत नाही.

निसर्गाचा दाखला देऊन सुटताही येत नाही. कांदा साखर साठवतो ती आपल्या झुणक्यासाठी नव्हे. पहिल्या वर्षी तो साठवतो, दुसऱ्या वर्षी त्याच साठ्यावर दांडा काढतो, फुलतो, बी धरतो. तो साठा त्याच्या स्वतःच्या फुलण्यासाठी असतो. आपण मध्येच तो खातो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाबांची एफडी कशासाठी होती, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या शिक्षणासाठीच असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

त्या रात्री जेवताना विचारलं. आधी ते म्हणाले, "आता काय त्याचं." मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "स्वतःची लेथ टाकायची होती. सेकंडहँड मशीन बघून ठेवली होती. शेडही बोलून ठेवली होती."

मी विचारलं, आता घ्यायची का? ते हसले. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही.

पैसे परत करता येतील. लेथसमोर उभं राहायची ती वर्षं परत करता येणार नाहीत. म्हणजे हे कर्ज फिटणारं नाही, आणि मला वाटतं ते फिटलं असं भासवणं हाच खरा कृतघ्नपणा. आपल्याला एवढं तरी करता येतं: कोणाच्या साठ्यावर वाढलो ते ओळखायचं, तो साठा कशासाठी होता ते विचारायचं, आणि 'स्वतःच्या हिमतीवर' असं कोणी म्हटलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं.

परवा ऑफिसमध्ये तसं कोणीतरी म्हणालं. मी लेथची गोष्ट सांगितली. जरा अवघड शांतता झाली.

ग्लासातले तीन कांदे मी कुंडीत लावले, शेणखत घालून. एक सडला. दोन धरले आहेत. त्यांची पात मी कापत नाही. सकाळी बाबा त्यांना पाणी घालतात आणि कुंडी उन्हाच्या बाजूला थोडी फिरवून ठेवतात.