लावलेला नंबर आणि बंद्याचा हक्क

गेल्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलाला ताप आला. सकाळीच दवाखान्यात फोन करून संध्याकाळचा नंबर लावला, तेरावा मिळाला. असरच्या सुमारास ताप उतरला, मूल खेळू लागले आणि आम्ही गेलो नाही. येत नसल्याचे कळवावे, हे माझ्या मनातही आले नाही. इशाच्या नमाज़नंतर मशिदीच्या दाराशी एक गृहस्थ पत्नी आणि आजारी मुलीसह उभे दिसले. सिल्लोडच्या पलीकडच्या एका खेड्यातून ते त्याच डॉक्टरांकडे आले होते. ‘आजचे नंबर भरले’ हे उत्तर ऐकून ते परत फिरले, तोवर गावाकडची शेवटची गाडी निघून गेली होती. रात्री ते आमच्या घरी राहिले. तेरावा नंबर कुणाचा होता, हे मी त्यांना त्या रात्री सांगितले नाही.

माझ्यामुळेच त्यांना परतावे लागले, असे ठामपणे म्हणता येत नाही. त्या संध्याकाळी आणखीही दोघे-तिघे आले नसतील. परंतु माझा त्याच्याशी काही संबंध नाही, असे म्हणण्याची सोयही उरली नाही. मग प्रश्न पडला की दवाखान्यात लावलेला नंबर हे वचन आहे काय, आणि असल्यास ते आपण कुणाला दिलेले असते?

आपली समजूत अशी असते की फी दिलेली नाही, करार लिहिलेला नाही. गेलो नाही तर तोटा आपलाच. परंतु पवित्र कुरआनात सूरह माइदा (५:१) करार पूर्ण करण्याच्या आदेशानेच सुरू होते, आणि सूरह बनी इस्राईल (१७:३४) सांगते की दिलेल्या वचनाविषयी जाब विचारला जाईल. वचन देऊन ते मोडणे हे आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनी दांभिकाच्या लक्षणांत गणले आहे, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसरीकडे, पाळण्याच्या हेतूने दिलेले वचन काही कारणाने पुरे करता आले नाही तर गुन्हा नाही, अशा आशयाची हदीस ह. ज़ैद बिन अर्कम (रज़ि.) यांच्याकडून आली आहे. तिची सनद भक्कम नसल्याचे खुद्द इमाम तिरमिज़ींनी नोंदवले आहे, तरी सवलतीसाठी लोक तिचाच आधार घेतात.

फुकहांमध्येही या बाबतीत मतभेद आहेत. बहुसंख्यांच्या मते वचन पाळणे मुस्तहब आहे आणि विनाकारण मोडणे मकरूह. मालिकी विद्वानांनी मात्र एक बारीक भेद केला आहे. तुमच्या शब्दावर विसंबून समोरच्याने काही खर्च केला, काही जबाबदारी पत्करली, तर तो शब्द केवळ सौजन्याचा राहत नाही. तो बंधनकारक होतो. मी हनफी मदरशात शिकलो आहे आणि येथे फतवा देत नाही. पण दवाखान्याच्या नंबराचा विचार करताना हा भेद मला फार उपयोगी वाटला. आपल्या शब्दावर विसंबून डॉक्टर आपला वेळ राखून ठेवतात आणि दाराशी आलेल्या दुसऱ्याला नाही म्हणतात.

हा दुसरा माणूस आपल्या हिशेबात कधी येतच नाही. मराठवाड्यातील शेतकऱ्याला मात्र तो चांगला ठाऊक आहे. जायकवाडीच्या कालव्याला पाणी सुटले की प्रत्येकाची पाळी ठरते. आपल्या पाळीला शेतावर न जाणारा केवळ स्वतःचे पीक वाळवत नाही. त्याचे पाणी वाया जाते आणि शेजाऱ्याचे रान कोरडे राहते. पाण्याच्या पाळीचा उल्लेख कुरआनातही आहे. ह. सालेह (अ.) यांच्या उंटिणीसाठी पाणी पिण्याचा एक दिवस ठरला होता आणि लोकांसाठी दुसरा (२६:१५५, ५४:२८). मुक्या जनावराच्या पाळीलाही तेथे हक्काचा दर्जा आहे. दवाखान्यातील दहा मिनिटे अशीच वाटून दिलेली असतात. ज्याला ती नको झाली त्याने ती वेळेवर मोकळी करावी, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे. आजारी माणसाने बरे होऊ नये, असे कोण म्हणेल? माझा मुलगा बरा झाला यात माझा दोष नव्हता; न केलेला एक फोन हा माझा दोष होता.

येथे गोष्ट अधिक कठीण होते. बंद्याचा हक्क बुडवला तर अल्लाहकडे तौबा करून भागत नाही, त्या बंद्याकडूनच माफी मिळवावी लागते, हे आपण जुम्याच्या बयानात नेहमी ऐकतो. पण जो परत गेला त्याचे नाव आपल्याला माहीत नसते. मला योगायोगाने एक चेहरा मिळाला. दोन महिन्यांनी धीर करून मी त्या गृहस्थांना फोन केला. ते हसले, मुलगी बरी आहे म्हणाले आणि विषय बदलला.

यावर एक आक्षेप हमखास येतो: डॉक्टर आम्हाला सहाची वेळ देतात आणि नऊला आत घेतात, तेव्हा त्यांचे वचन कुठे जाते? आक्षेप खरा आहे. दोन तासांत चाळीस नंबर देणाऱ्यालाही जाब विचारला जाईल. तथापि त्याचा हिशेब वेगळा आहे, आणि त्याच्या चुकीचा भुर्दंड बाकावर बसलेल्या तिसऱ्याने का भरावा? दुसरी पळवाट आपण धर्मातूनच काढली आहे. ‘इन्शाअल्लाह येतो’ म्हणताना न जाण्याची मुभा आपण आधीच राखून ठेवतो. सूरह कहफ (१८:२३-२४) मध्ये हे शब्द निर्धाराबरोबर नम्रता यावी म्हणून शिकवले आहेत. निर्धाराच्या जागी वापरण्यासाठी नव्हेत.

आतापर्यंत जे लिहिले ते माझ्यासारख्यांसाठी, ज्यांच्या हातात फोन आहे आणि दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सगळे असे नसतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, म्हणजे आपल्या घाटीत, जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडूनही रुग्ण येतात. मजुरी करणाऱ्याची तारीख चुकते तेव्हा बहुधा त्या दिवशी त्याला काम मिळालेले असते. स्त्रीची तारीख चुकते, कारण सोबत यायला घरचा पुरुष मोकळा नसतो. काही जण रिपोर्टमध्ये काय निघेल या भीतीने जात नाहीत आणि घरात मात्र कामाचे निमित्त सांगतात. यांना दांभिकाची हदीस ऐकवणारा इमाम स्वतःच जाबास पात्र आहे. शरीअतने उज़्र मानला आहे. तो दूर करण्याची ज्यांची ऐपत आहे त्यांच्यावर जबाबदारी येते.

क्षयरोगाच्या बाबतीत ही चूक फार महाग पडते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. औषध मध्येच सुटले तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, आणि तो हट्टी क्षय मग त्याच्या श्वासातून घरातल्या मुलांपर्यंत पोहोचू शकतो. औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेत पूर्वी दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. तरीही तारखा चुकतात, कारण त्या दिवसाची मजुरी कुणी भरून देत नाही. मोहल्ल्यातल्या बैतुलमालमधून ती का दिली जाऊ नये? सदक्याच्या पैशाने देग चढवणे आपल्याला सुचते. एका दिवसाची मजुरी देणे सुचत नाही.

कळवण्याच्या सवयीबद्दल लंडनमधील एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णांना तारखेची आठवण करून देणारे संदेश पाठवले गेले. नेहमीचा संदेश मिळालेल्यांपैकी सुमारे ११ टक्के आले नाहीत. ज्यांच्या संदेशात एका चुकलेल्या भेटीचा खर्च आकड्यात लिहिला होता, त्यांच्यात हे प्रमाण साडेआठ टक्क्यांच्या आसपास राहिले. न येण्याने कुणाचे तरी नुकसान होते, एवढे कळल्यानेच हा फरक पडला. इंग्लंडमधील आणखी एका पाहणीत रुग्णाने पुढची तारीख स्वतःच्या हाताने लिहून घेतली की ती कमी चुकते, असे दिसले. देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याचा आदेश देणारी कुरआनातील सर्वांत मोठी आयत (२:२८२) ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटू नये.

आमच्या मशिदीत आम्ही फारसे काही करू शकलेलो नाही. नमाज़च्या वेळांच्या फळ्याखाली एक वही ठेवली आहे. ज्याला तारखेला सोबत हवी, रिक्षाचे भाडे हवे किंवा ‘येत नाही’ असे कळवण्यासाठी कुणाचा फोन हवा, त्याने त्यात आजार न लिहिता फक्त नाव आणि दिवस लिहावा. पहिल्या महिन्यात वही कोरी राहिली. मग पेंटरचे काम करणाऱ्या एका भावाने त्यात नाव लिहिले. औषधाचे चार महिने झाले आहेत, दोन राहिले आहेत, आणि मागची तारीख कामामुळे चुकली आहे. त्यांची पुढची तारीख बुधवारची आहे. त्या दिवशी ज़ुहरची नमाज़ मुअज़्ज़िन साहेब पढवतील. मी त्यांच्यासोबत जाणार आहे.