शब्द देण्यापूर्वी गाव पाहावे काय?

दोनचार वर्षे एखाद्या खेड्यात राहून सेवा करू इच्छिणाऱ्याने, वचन देण्यापूर्वी, ते खेडे पाहून यावे काय? कित्येकांस हा प्रश्नच अनुचित वाटतो. ते म्हणतात, ज्यास खरी कळकळ आहे तो सोयगैरसोय पाहत नाही. पाहून मग ठरविणे हा सौदा होय, सेवा नव्हे. या म्हणण्यात काही तथ्य आहे. तथापि त्याचा नीट विचार केला पाहिजे.

सातपूरचे उदाहरण घेऊ. हे एके काळी नाशिकनजीकचे शेतकऱ्यांचे खेडे होते. आज ते महानगरपालिकेत मोडते व कारखान्यांनी वेढलेले आहे. समजा, तेथील एखादा तरुण पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातील पाड्यावर मुलांस शिकविण्याचा संकल्प करतो. अंतर फार नाही. परंतु श्रावणात जेथे ओढे दुथडी वाहतात, तेथेच वैशाखात बाया हंडाभर पाण्यासाठी पायपीट करितात. भात व नागली घरात आली म्हणजे कित्येक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे द्राक्षमळ्यांत मजुरीस जातात, व पुष्कळदा मुलेही त्यांजबरोबर जातात. हे ज्यास ठाऊक नाही त्याने शब्द कोणास दिला? त्या लोकांस नव्हे, तर आपल्या कल्पनेतील गावास. ती कल्पना ढासळली म्हणजे तो सहा महिन्यांत परततो. त्याचे मन चार दिवस खट्टू होते. परंतु ज्या मुलांनी नुकतीच पाटी हाती धरली होती, ती पुढल्या शिक्षकावर सहज विश्वास ठेवीत नाहीत.

मग पाहावयास जावे ते कशासाठी? गाव आपल्याजोगे आहे की नाही एवढेच पाहणारा खरोखर सौदाच करितो. आपण गावास हवे आहो काय, व कोणत्या कामासाठी, हे विचारण्यास जाणे निराळे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेड येथे काम आरंभिले, ते तेथील पुढाऱ्यांशी बोलून व त्यांची संमती घेऊन. लोकांचे ऐकता त्यांस कळले की, गावाची पहिली निकड औषध नसून अन्न व पाणी ही आहे. म्हणून डॉक्टर असूनही त्यांनी पाण्याच्या कामास हात घातला. पुढे गावोगावच्या साध्या स्त्रियांस त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. १९७९ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नहेम्यानेही यरुशलेमेचा पडलेला कोट आधी रात्री फिरून पाहिला, मगच लोकांस बांधकामास बोलाविले. पाहिल्याने त्याचे धैर्य उणे झाले नाही.

तेव्हा जाणाऱ्याने एकदा पावसाळ्यात व एकदा उन्हाळ्यात जावे. आपला शिधा बरोबर न्यावा. कारण गरिबाचे घर उसने आणूनही पाहुण्यास जेवू घालते. केवळ सरपंचास नव्हे, पाणवठ्यावरच्या बायांसही विचारावे. पहिल्या भेटीत काही कबूल करू नये. आणि गावाने "नको" म्हटले तर राग मानू नये.

परंतु वाचकहो, आपणांपैकी पुष्कळ जण जाणारे नसून ज्यांच्या दारी असा पाहुणा येतो ते आहात. आपलेही एक कर्तव्य आहे. कोरडी विहीर, गावातील तट, सुगीनंतर ओस पडणारी शाळा, हे त्यापासून लपवू नका. खरे ऐकून तो कदाचित दोन वर्षांऐवजी एकच पावसाळा राहण्याचे कबूल करील. करू द्या. पुरा होणारा लहान शब्द हा मोडणाऱ्या मोठ्या शब्दापेक्षा गावास अधिक उपयोगी पडतो.