फलाशा कोणी सोडायची?

चुंबकत्व आणि स्पिंट्रॉनिक्समधल्या संशोधनपदांच्या जाहिरातींत दोन गोष्टी बहुधा जोडीने येतात. नेमणूक दोन-तीन वर्षांची असते आणि तेवढ्या काळात काय हाती लागेल, हे उमेदवाराने आधीच लिहून द्यायचे असते. जे अजून सापडलेच नाही, त्याच्या फळाची हमी मागायची आणि हमी देणाऱ्यालाच वर निष्काम कर्माचा उपदेश करायचा, यात गीतेचा अर्थ उलटा लावला जातो. संशोधनात फलाशा आधी सोडायला हवी ती नेमणाऱ्याने.

याला या विषयाचा इतिहासच साक्ष आहे. १९७५ साली फ्रान्समध्ये रेन इथे मिशेल ज्युलिएर यांनी लोखंड आणि कोबाल्ट यांच्या थरांमध्ये जर्मेनियमचा पातळ पडदा घातला आणि त्यातून वीज नेली. दोन्ही थरांचे चुंबकत्व एकाच दिशेला असले की वीज जास्त जाई, उलट दिशांना असले की कमी. फरक साधारण १४ टक्क्यांचा, तोही ४.२ केल्विनला, द्रव हेलियमच्या थंडीत. खोलीच्या तापमानाला हा परिणाम ठळकपणे दिसला तो १९९५ साली, एमआयटीत जगदीश मूडेरा आणि तोहोकू विद्यापीठात तेरुनोबु मियाझाकी यांच्या गटांना. पुढे हार्ड डिस्कची वाचनशीर्षे त्यावर बनली. मधली २० वर्षे म्हणजे दोन वर्षांच्या दहा नेमणुका! प्रतिलोहचुंबकत्वाच्या कल्पनेचे जनक खुद्द लुई नेएल यांनीही १९७०च्या नोबेल व्याख्यानात म्हटले होते, की प्रतिलोहचुंबकांचा व्यवहारात काही उपयोग दिसत नाही. त्याच वाचनशीर्षांत एका थराचे चुंबकत्व जागच्या जागी धरून ठेवायला नंतर प्रतिलोहचुंबकच कामी आले. जनकाला जे दिसले नाही, ते अर्जदाराने कुठून लिहावे?

यावर कोणी म्हणेल, की अल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांचा १९८८चा महाचुंबकरोधाचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलण्याचा, शोध ९ वर्षांत बाजारात आला. आला खरा, पण लोहचुंबकातला वीजप्रवाह स्पिननुसार दोन वाटांनी जातो, यावरचा फेर यांचा प्रबंध १९७०चा आहे. झाड १८ वर्षे वाढत होते, आपण मोजतो ती फक्त तोडणी. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पैसा लोकांचा, मग हिशेब नको का? हवा, आणि कडक हवा. मोजमाप प्रामाणिक आहे का, नमुना पुन्हा बनवला तर तोच आकडा येतो का, फसलेला प्रयोगही नीट नोंदवला का, हे सारे विचारता येते. हा कर्माचा हिशेब झाला. टिळकांनी गीतारहस्यात निष्काम कर्माला लोकसंग्रहाची जोड दिली ती याचसाठी, की फलाशा सुटली म्हणून जबाबदारी सुटत नाही. आणि पगार म्हणजे फळ नव्हे. तो कर्म चालू राहण्याची अट आहे, म्हणून वैराग्याच्या नावाखाली तरुण संशोधकाला अस्थिर ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

पुढची जाहिरात लिहिणाऱ्यांनी अपेक्षित फळाचा रकाना खोडावा आणि नेमणूक निदान पाच वर्षांची करावी.