भुरभुरीची नावे

ज्याचे थेंब अर्ध्या मिलिमीटरहून लहान, त्या पावसाला हवामानशास्त्र ‘ड्रिझल’ म्हणते. लोकभाषेचे मात्र एवढ्यावर भागले नाही. नैर्ऋत्य इंग्लंडमधील डेव्हन-कॉर्नवॉलकडे धुक्यासारख्या तुषारांना ‘मिझल’ म्हणतात, तर स्कॉटलंडमध्ये अशाच बारीक भुरभुरीला ‘स्मिर’. हे शब्द विस्मरणात गेले, तर पाऊस थोडाच थांबणार आहे? हानी होते ती पाहणाऱ्याची. नाव नसले की भेद दिसूनही नजर त्यावर ठरत नाही. सूक्ष्माची दखल घेण्याची सवय मोडते, आणि ही सवय केवळ पावसापुरती नसते. परंतु नुसता कोशात जपलेला शब्दही निर्जीवच. ज्यांनी ती भुरभूर अंगावर घेतली, त्यांनीच तिला नाव दिले. शब्द राखायचा, तर भिजण्याची तयारीही राखली पाहिजे.