हवेशीर, भरपूर उजेड

भाड्याच्या घरांच्या जाहिराती चाळताना एक गंमत हटकून दिसते. खाली लिहिलेलं असतं, ‘हवेशीर, भरपूर उजेड’ आणि वर फोटोत रात्र असते. खिडकीत काळोख, डोक्यावर ट्यूबलाइट, बेसिनखाली निळी बादली आणि आरशात मोबाइल धरून उभे असलेले खुद्द मालक. यात लबाडी नसते. ऑफिसातून सुटेपर्यंत सात वाजतात, किल्ली घेऊन वर जाईपर्यंत आठ. उजेड असतो हो त्या घरात, पण मालकांची सवड पाहून तो थांबत नाही.

या फटीतूनच एक जोडधंदा उभा राहिला आहे. आठवडाभर नोकरी करणारी, हाताशी बऱ्यापैकी कॅमेरा असलेली मुलंमुली सुट्टीच्या दिवशी घरांचे फोटो काढून देतात. काही जण मुळात लग्नांचे फोटोग्राफर; लग्नसराई सरली की घरांकडे वळतात. आमच्या नात्यातला एक मुलगा पुण्यात हे काम करतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न असतो, हॉलची खिडकी कोणत्या दिशेला? बहुतेक मालक इथे अडखळतात. मुख्य दार कोणत्या दिशेला, हे वास्तुशास्त्राच्या कृपेने प्रत्येकाला पाठ असतं. खिडकीची दिशा कुणी कधी विचारलेलीच नसते. खिडकी पूर्वेची असली तर हा सकाळी कोवळ्या उन्हात हजर, पश्चिमेची असली तर चारनंतर. उत्तरेची असली की निवांत, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा हलत नाही.

कॅमेऱ्याचं काम तसं थोडं. तिवई छातीच्या उंचीवर लावायची आणि कॅमेरा वर-खाली झुकू द्यायचा नाही, नाहीतर भिंती कलंडतात. ट्यूब पांढरी, बल्ब पिवळा आणि ऊन तिसऱ्याच रंगाचं, म्हणून दिवे बंद. बाहेर लख्ख आणि आत सावली, हे दोन्ही एका फोटोत मावत नाही. तेव्हा तोच फोटो कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशात असा तीनदा घेऊन नंतर कॉम्प्युटरवर एकत्र करायचा. बाकीचा सगळा वेळ हमालीत जातो. बादल्या, फडकी, चार्जर, फ्रिजवरची चुंबकं, गॅलरीतली कपड्यांची दोरी. आणि भिंतीवरचं कालनिर्णय न विसरता उतरवायचं. जाहिरात ऑगस्टपर्यंत राहिली आणि फोटोत मे महिना दिसला, तर पाहणारा पहिलं हेच विचारणार की इतके दिवस घर पडून का आहे!

सगळीकडे भरपूर उजेडाचा हाच नियम लावला तर मात्र फसगत होते. कोकणात पाहुणे ठेवणाऱ्या घराचं माजघर थोडं काळोखंच असतं. पाऊस आणि ऊन दोन्ही बाहेर राहावं म्हणून कौलांची वळचण मुद्दाम खाली आणलेली असते. तिथे चार दिवे लावून माजघर झगझगीत केलं की फोटो चांगला येतो आणि घर हरवतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असतात; त्यातून ऊन गाळून आत येतं. तिथे फ्लॅश उडवणं हा मला शुद्ध अडाणीपणा वाटतो.

पैशाचं गणित साधं आहे. पंचवीस हजार भाड्याचं घर महिनाभर रिकामं राहिलं की पंचवीस हजार गेले, वर सोसायटीचा मेंटेनन्स चुकत नाहीच. त्यापुढे फोटोचे दीड-दोन हजार म्हणजे काहीच नाही. तरी ‘मोबाइलवर मीही काढले असते’ हे वाक्य ऐकल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत. २००९ साली न्यूयॉर्कमध्ये एअरबीएनबीच्या संस्थापकांनाही फोटोंची हीच किंमत कळली होती. घरं चांगली होती, यजमानांनी काढलेले फोटो वाईट होते. शेवटी ते स्वतःच कॅमेरा घेऊन दारोदार फिरले, कंपनीची तिथली कमाई वाढली, आणि पुढे कंपनीने या कामासाठी फोटोग्राफरच नेमले. या धंद्यात उतरणाऱ्यांनी एक कलम मात्र आधीच वाचून ठेवावं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क मोबदला देणाऱ्याचा असतो, वेगळं ठरवलेलं नसेल तर. तेव्हा तेच फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर नमुना म्हणून टाकायचे असतील, तर बोलणी कामाआधीच व्हायला हवीत.

मोह खरा असतो तो वाइड लेन्सचा. दहा बाय दहाची बेडरूम तिच्यातून कार्यालयाच्या हॉलसारखी दिसते आणि कडेचा पलंग ताणून पार रेल्वेच्या बर्थएवढा लांबुळका होतो. मालक खूश. मग अर्ध्या दिवसाची रजा टाकून, दोन बस बदलून कुणीतरी घर पाहायला येतं आणि उंबरठ्यावरूनच ‘कळवतो’ म्हणून परत फिरतं. घर विकताना कार्पेट एरिया सांगायला बिल्डरला २०१६च्या रेरा कायद्याने भाग पाडलं. भाड्याच्या जाहिरातीवर ते बंधन नाही. त्यामुळे तिथे फोटो हाच मोजपट्टीचं काम करतो. आमच्या नात्यातला तो मुलगा यावर एक युक्ती करतो. सगळं सामान हलवलं तरी एखादी प्लास्टिकची खुर्ची खोलीत राहू देतो. तिचं माप आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत बसलेलं असतं. खोली कितीही फुगली तरी खुर्ची खरं सांगते. काही मालकांना ती खुर्ची खटकते. मला तर त्या फोटोतली तीच वस्तू सर्वांत महत्त्वाची वाटते.

या कामात पैसे देणारा एक, फोटो पाहून येणारा दुसरा, आणि बरेचदा त्या घरात अजून राहणारा तिसरा. या तिसऱ्याचा विचार कुणी करत नाही. अकरा महिन्यांचा करार संपत आलेला असतो, नोटिशीचा महिना चालू असतो, आणि मालकांना घर एक दिवसही रिकामं नको असतं. म्हणून जुना भाडेकरू राहत असतानाच नव्यासाठी फोटो निघतात. भिंती मालकाच्या असतात, पण फोटोत येतो तो संसार दुसऱ्याचा. फ्रिजवर औषधांच्या पट्ट्या, देवघरात कुणाच्या तरी वडिलांचा फोटो, दारामागे मुलीच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा. हे सगळं मालकाच्या एका ‘जाऊन या’वर अनोळखी लोकांच्या मोबाइलवर जाऊ शकतं. करारात फोटोंबद्दल बहुधा अवाक्षर नसतं, आणि भाडेकरू डिपॉझिट परत मिळायचं आहे म्हणून गप्प बसतो.

म्हणून हा मुलगा वेळ ठरवायला मालकाऐवजी भाडेकरूला फोन करतो. चप्पल बाहेर काढतो. वस्तू हलवण्याआधी विचारतो आणि काम झालं की जिथली तिथे ठेवतो, कालनिर्णयसकट. निघण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळे फोटो घरच्यांना दाखवतो. एखादा नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसतो. यात अर्धा तास जास्त जातो आणि त्याचा वेगळा पैसा मिळत नाही.

मध्यंतरी असंच एक टू बीएचके होतं. दुसऱ्या बेडरूमचं दार लोटलेलं. सूनबाई हळूच म्हणाल्या, “आजींना रात्रभर झोप नव्हती, आत्ताच डोळा लागलाय. उठवू का?” याने नको म्हटलं, हॉल, स्वयंपाकघर आणि पहिली बेडरूम उरकली, चहा घेतला आणि निघाला. संध्याकाळी मालकांचा फोन.

“अहो, दुसरी बेडरूम कुठाय?”

“आजी झोपल्या होत्या.”

“मग पुन्हा जा की!”

पुढच्या रविवारी जातो, असं याने सांगितलं; पण मालकांना तेवढा दम नव्हता. जाहिरात त्याच रात्री लागली. वर तीनच खोल्यांचे फोटो, खाली ‘हवेशीर, भरपूर उजेड’ आणि त्याखाली नवी ओळ : दुसरी बेडरूम प्रत्यक्ष येऊन पाहावी. मालकांना आलेले पहिले काही फोन म्हणे त्या बेडरूममध्ये काय आहे, हेच विचारणारे होते.